लिनक्सवरील जर्नलिंग फाइल सिस्टीमची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्नल म्हणजे नेमके काय आणि त्याची गरज का पडली?

एखादी फाइल पुसणे हे वरवर एकच काम दिसते. डिस्कवर मात्र त्यासाठी किमान तीन ठिकाणी फेरफार करावे लागतात. डिरेक्टरीतली नावाची नोंद काढायची, त्या फाइलचा इनोड (तिची माहिती आणि जागा सांगणारी नोंद) मोकळा करायचा आणि तिने व्यापलेले ब्लॉक (डिस्कवरील जागेचे ठरावीक तुकडे) शिल्लक जागेच्या नकाशात परत जमा करायचे. ही तिन्ही कामे एका क्षणात होत नाहीत. पहिले झाले आणि दुसरे होण्याआधी वीज गेली, तर ज्याला नाव नाही पण ज्याने जागा अडवून ठेवली आहे असा इनोड मागे उरतो. क्रम उलटा पडून ब्लॉक आधी मोकळे झाले, तर प्रकरण अधिक गंभीर होते, कारण तेच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिले जातात आणि दोन फाइली एकाच जागेवर हक्क सांगू लागतात.

१९९३ साली आलेल्या एक्स्ट२ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेत, अशा अपघातानंतर एकच उपाय होता. एफएससीके हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने सगळे इनोड, सगळ्या डिरेक्टऱ्या आणि सगळे नकाशे एकमेकांशी ताडून पाहीपर्यंत थांबायचे. डिस्क जेवढी मोठी तेवढी ही वाट लांबची. मोठ्या सर्व्हरवर हे काम तासन्‌तास चालत असे.

जर्नलने हा प्रश्न जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या पद्धतीने सोडवला. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत उतरवायचा. करावयाचे सर्व बदल प्रथम डिस्कवरील एका राखीव भागात ओळीने लिहिले जातात आणि शेवटी व्यवहार पूर्ण झाल्याची खूण केली जाते. वीज जाऊन परत आली, की सिस्टीम फक्त तेवढाच भाग वाचते. ज्या व्यवहारावर खूण आहे तो पुन्हा मूळ जागी उतरवला जातो आणि ज्यावर ती नाही तो झालाच नाही असे धरले जाते. त्यामुळे तासांचे काम बहुधा काही सेकंदांवर येते.

जर्नल आहे म्हणजे माझा डेटा सुरक्षित आहे, असे समजावे का?

नाही. सगळ्या तुलनेत जास्तीत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आढळतो, म्हणून तो इतर सर्व प्रश्नांच्या आधी दूर झालेला बरा. बहुतेक फाइल सिस्टीमचे जर्नल मेटाडेटाचे असते, म्हणजे नावे, इनोड, जागेचे नकाशे आणि डिरेक्टरीची रचना यांच्यापुरते मर्यादित असते. अपघातानंतर फाइल सिस्टीमची रचना सुसंगत असेल, एवढीच त्याची हमी. आपण लिहीत असलेल्या पत्रातला शेवटचा परिच्छेद डिस्कवर पोहोचला होता की नाही, याबद्दल जर्नल काहीही वचन देत नाही.

चुकून पुसलेली फाइल जर्नल परत देत नाही. डिस्कचा एखादा भाग खराब झाला, तर त्यावरचा मजकूरही ते वाचवत नाही. सदोष मेमरीतून चुकीची माहिती आली, तर जर्नल ती चुकीची माहितीच निष्ठेने नोंदवते. बॅकअपची जागा जर्नल घेऊ शकत नाही, आणि ज्याने कोणी असे सांगितले असेल त्याने आपल्याला फार मोठ्या धोक्यात लोटले आहे.

एक्स्ट४ मध्ये डेटाच्या नोंदीचे तीन प्रकार दिसतात. त्यांत फरक काय?

हे तीन प्रकार एक्स्ट४ च्या आधीच्या एक्स्ट३ या फाइल सिस्टीमपासून चालत आले आहेत. ‘ऑर्डर्ड’ हा मूळ पर्याय आहे, म्हणजे वेगळे काही निवडले नाही तर तोच लागू होतो. त्यात जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा जातो, पण त्या मेटाडेटावर खूण करण्याआधी संबंधित डेटा ब्लॉक डिस्कवर लिहिले जातात. त्यामुळे नव्या फाइलमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी पुसलेल्या फाइलचे जुने तुकडे दिसण्याचा प्रकार टळतो. ‘राइटबॅक’ मध्ये हा क्रम पाळला जात नाही. वेग थोडा वाढतो, पण अपघातानंतर फाइलच्या शेवटी जुना, असंबद्ध मजकूर सापडू शकतो, आणि अनेक लोक वापरत असलेल्या यंत्रावर ही गोपनीयतेच्या दृष्टीनेही गंभीर बाब आहे. ‘जर्नल’ या तिसऱ्या प्रकारात डेटाही आधी जर्नलमध्ये आणि नंतर मूळ जागी, असा दोनदा लिहिला जातो. शिवाय जागावाटप लांबणीवर टाकण्याची एक्स्ट४ ची सोय (पुढच्या प्रश्नात ती समजावली आहे) त्यात बंद होते.

माझे मत असे, की ठोस कारण हाताशी नसेल तर ‘ऑर्डर्ड’ बदलू नये. ‘राइटबॅक’ने मिळणारा वेग ज्यांना खरोखर उपयोगी पडतो, त्यांना त्याची किंमतही ठाऊक असते.

फाइल जतन केली होती, तरी वीज गेल्यावर ती शून्य लांबीची झाली. हे जर्नल असूनही कसे घडते?

याचे उत्तर थोड्या इतिहासासह दिल्याशिवाय नीट समजत नाही.

एक्स्ट३ नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.४.१५ या आवृत्तीबरोबर मुख्य प्रवाहात आली. तिचे जर्नल साधारण दर पाच सेकंदांनी व्यवहार पक्का करीत असे आणि ‘ऑर्डर्ड’ पद्धतीमुळे त्याआधी सगळा डेटा डिस्कवर जात असे. त्यामुळे एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर लिहा, ही प्रोग्रॅमने सिस्टीमला दिलेली आज्ञा) न करताही पाच सेकंदांपूर्वीचे काम शाबूत राहील, असा अनुभव प्रोग्रॅमरांना येत गेला. उलट एफसिंक केले तर एका छोट्या फाइलसाठी बाकीच्या सर्व फाइलींचा साचलेला डेटाही डिस्कवर ढकलला जाई आणि यंत्र अडखळत असे. साहजिकच पुष्कळ प्रोग्रॅमरांनी एफसिंक टाळण्याची सवय लावून घेतली.

डिसेंबर २००८ मध्ये कर्नल २.६.२८ बरोबर एक्स्ट४ स्थिर म्हणून जाहीर झाली. तिने जागावाटप लांबणीवर टाकण्याचे तंत्र आणले. डेटा मेमरीत साचू द्यायचा आणि प्रत्यक्ष लिहिण्याची वेळ आली, की एकदम सलग जागा द्यायची, असे ते तंत्र आहे. त्याने तुकडे कमी होतात आणि वेग वाढतो. परंतु जागाच दिलेली नसेल, तर ‘ऑर्डर्ड’ पद्धतीला डेटा आधी लिहिण्याचे बंधन उरत नाही. आता असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. प्रोग्रॅम सेटिंग्जची नवी तात्पुरती फाइल लिहितो, ती बंद करतो आणि लगेच तिला जुन्या फाइलचे नाव देतो. नावातला बदल हा मेटाडेटा असल्यामुळे तो पाच सेकंदांत जर्नलमध्ये पक्का होतो. नव्या फाइलचा मजकूर मात्र आणखी तीसेक सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ मेमरीतच असू शकतो. नेमकी त्या अवधीत वीज गेली, की त्या नावाखाली नवी फाइल आणि तिची लांबी शून्य. जुनी फाइल तर गेलेलीच असते. जर्नलने आपले काम चोख केले आणि फाइल सिस्टीम पूर्ण सुसंगत आहे, पण वापरणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

२००९ साली अनेकांच्या डेस्कटॉप सेटिंग्ज अशा रीतीने गेल्या आणि त्यावर मोठी चर्चा झाली. एक्स्ट४ चे प्रमुख विकसक थिओडोर त्सो यांनी दोन प्रसंगांसाठी संरक्षण घातले आणि ते कर्नल २.६.३० पासून मिळू लागले. नव्या फाइलला जुन्या फाइलचे नाव देताना, तसेच जुनी फाइल रिकामी करून पुन्हा लिहून बंद करताना, आता जागावाटप लगेच केले जाते. ही सवलत आहे. तो करार नव्हे, आणि दुसऱ्या फाइल सिस्टीमवर ती गृहीत धरता येत नाही.

खरा करार पुढीलप्रमाणे आहे : तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, तिच्यावर एफसिंक करा, मग नाव बदला आणि शेवटी त्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा. हा क्रम ज्या प्रोग्रॅममध्ये पाळला जातो, त्याच्या फाइली एक्स्ट४ वर, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमवर आणि इतरत्रही टिकतात. क्रम पाळला नसेल तर फाइल सिस्टीम बदलून फारसे काही साधत नाही.

एक्स्ट४ आणि एक्सएफएस यांच्या जर्नलमध्ये मूलभूत फरक कोणता?

एक्स्ट४ चे जर्नल जेबीडी२ या स्वतंत्र थरातून चालते आणि तो थर पूर्ण ब्लॉकांची नोंद ठेवतो. चार किबीबाइटच्या ब्लॉकातला एकच आकडा बदलला, तरी सगळा ब्लॉक जर्नलमध्ये उतरतो. यात जागा जास्त लागते, पण पुनर्बांधणी सोपी होते, कारण जर्नलमधला ब्लॉक उचलून मूळ जागी ठेवला की काम झाले. कर्नल ५.१० पासून जलद नोंदीची ऐच्छिक सोय आली आहे. तिच्यात संपूर्ण ब्लॉकांऐवजी बदलाचे संक्षिप्त वर्णन लिहिता येते, आणि वारंवार एफसिंक करणाऱ्या कामांना त्याचा लाभ होतो.

एक्सएफएस ही सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आयरिक्स या आपल्या कार्यप्रणालीसाठी घडवली आणि १९९४ मध्ये ती वापरात आली. तिचे जर्नल रचनेतील बदललेल्या भागांपुरती नोंद ठेवते. कर्नल २.६.३५ मध्ये तिच्यात विलंबित नोंदीचे तंत्र आले. एकच मेटाडेटा थोड्या वेळात पन्नासदा बदलला, तर ते पन्नास बदल मेमरीत एकत्र करून एकदाच जर्नलमध्ये लिहायचे, असे ते तंत्र आहे. त्याआधी हजारो छोट्या फाइली पुसताना एक्सएफएस संथ म्हणून ओळखली जाई. आजही ती तक्रार ऐकू येते, पण तिच्यामागचे कारण केव्हाच दूर झाले आहे. तसेच अपघातानंतर फाइलमध्ये नुसती शून्ये सापडण्याचा जुना दोष २००७ मध्ये कर्नल २.६.२२ पासून दुरुस्त झाला. फाइलची वाढलेली लांबी आता डेटा लिहून झाल्यानंतरच नोंदवली जाते.

जर्नलपलीकडचा फरकही महत्त्वाचा आहे. एक्सएफएस डिस्कचे अनेक वाटप-गट पाडते आणि प्रत्येक गट आपली मोकळी जागा व इनोड स्वतंत्रपणे सांभाळतो, त्यामुळे अनेक प्रोसेसर एकाच वेळी जागा मागत असताना ते एकमेकांना अडवत नाहीत. तिच्यात इनोड लागतील तसे तयार होतात. एक्स्ट४ मध्ये इनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, आणि मूळ मांडणीत साधारण दर १६ किबीबाइटमागे एक इनोड असतो. कोट्यवधी चिमुकल्या फाइली ठेवल्या, तर जागा शिल्लक असूनही इनोड संपू शकतात.

आकारमानाची मर्यादा बहुतेकांना कधी भेडसावत नाही. तरीही नोंद म्हणून सांगायचे, तर चार किबीबाइटच्या ब्लॉकांवर एक्स्ट४ मधील एका फाइलची मर्यादा १६ टेबीबाइट आहे आणि एक्सएफएसची एक्सबीबाइटमध्ये मोजावी लागते.

एक्स्ट३ अजून वापरावी का?

नव्याने मुळीच नाही. तिचा स्वतंत्र ड्रायव्हर कर्नल ४.३ मध्ये काढून टाकण्यात आला आणि जुन्या एक्स्ट३ डिस्क तेव्हापासून एक्स्ट४ चा ड्रायव्हरच सांभाळतो.

रायझरएफएस आणि जेएफएस यांचे काय झाले?

मुख्य कर्नलमध्ये सर्वांत आधी दाखल झालेली जर्नलिंग फाइल सिस्टीम रायझरएफएस होती. ती जानेवारी २००१ मध्ये, कर्नल २.४.१ बरोबर आली. छोट्या फाइलींच्या उरलेल्या शेपट्या एकाच ब्लॉकात दाटीने बसवण्याची तिची युक्ती त्या काळात फार उपयुक्त ठरली. पण तिच्या दुरुस्ती-प्रोग्रॅममध्ये एक घातक उणीव होती. डिस्कवर दुसऱ्या रायझरएफएसची प्रतिमा (संपूर्ण प्रत) साधी फाइल म्हणून ठेवलेली असेल, तर नोंदींची झाडासारखी रचना नव्याने बांधताना त्या प्रतिमेच्या आतल्या नोंदीही खऱ्या समजून मिसळल्या जाण्याचा धोका असे. पुढे तिची देखभाल थांबत गेली. २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरवण्यात आली आणि कर्नल ६.१३ मधून ती पूर्णपणे वगळली गेली. कोणाकडे अशी जुनी डिस्क कपाटात असेल, तर तिच्यावरचा मजकूर जुन्या कर्नलच्या साहाय्याने लवकर उतरवून घ्यावा.

आयबीएमची जेएफएस प्रोसेसरवर कमी भार टाकणारी आणि शांतपणे चालणारी म्हणून नावाजली गेली. ती अजून कर्नलमध्ये आहे, पण तिच्यावर नवे काम फारसे होत नाही. नव्या यंत्रासाठी मी ती सुचवणार नाही.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस यांना जर्नल नसते, तर त्या कमी सुरक्षित म्हणायच्या का?

त्यांची पद्धतच वेगळी आहे. त्या चालू ब्लॉकावर कधीच गिरवत नाहीत. बदललेला ब्लॉक नव्या जागी लिहितात आणि सगळे लिहून झाल्यावर मुळाशी असलेला दर्शक नव्या झाडाकडे वळवतात. दर्शक वळण्याआधी वीज गेली तर जुने झाड जसेच्या तसे असते, म्हणून पारंपरिक जर्नलची गरज पडत नाही. तरीही एफसिंक लवकर पुरे व्हावे यासाठी दोघींनीही छोटी नोंदवही ठेवलेली आहेच.

या दोघींची खरी श्रीमंती चेकसममध्ये, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यात, आहे. एक्स्ट४ आणि एक्सएफएस मेटाडेटाची पडताळणी करतात, परंतु फाइलमधील मजकुराची करीत नाहीत. डिस्कवर एखादा बिट गुपचूप पालटला, तर त्या दोघी तो निमूटपणे वाचून देतात, आणि बीटीआरएफएस किंवा झेडएफएस तिथे थांबून चूक दाखवतात. दुसरी प्रत उपलब्ध असेल तर दुरुस्तीही करतात. कौटुंबिक छायाचित्रे किंवा संशोधनाची कागदपत्रे वर्षानुवर्षे जपायची असतील, तर हा गुण वेगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. मात्र डेटाबेस आणि आभासी यंत्रांच्या प्रतिमा अशा ठिकठिकाणी सतत बदलणाऱ्या मोठ्या फाइली या पद्धतीत फार तुकड्यांत विखुरल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे.

वेगाच्या चाचण्या पाहून निवड करावी का?

सावधपणे. एका कर्नलवर, एका डिस्कवर आणि एका प्रकारच्या कामावर मिळालेले आकडे दुसरीकडे सहसा लागू पडत नाहीत. विशेषतः चाचणीत एफसिंक किती वेळा झाले हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा बहुतांशी मेमरीचा वेग दाखवतो. आपल्या स्वतःच्या कामाची नक्कल करून, डिस्क ८० टक्के भरलेली असताना घेतलेली चाचणी विश्वसनीय मानावी.

एसएसडीवर (फ्लॅश मेमरीच्या डिस्कवर) जर्नल बंद केल्यास तिचे आयुष्य वाढते का?

एक्स्ट४ वर जर्नल खरोखर बंद करता येते, पण त्यातून वाचणारे लेखन सामान्य वापरात नगण्य असते आणि गमावले जाणारे संरक्षण मोठे असते. चुटकीसरशी पुन्हा तयार करता येईल असा तात्पुरता डेटा ज्या पार्टिशनवर आहे, तेवढ्यापुरता हा उपाय रास्त ठरतो. फ्लॅश मेमरीच्या स्वभावाला धरूनच चालायचे असेल, तर सॅमसंगने घडवलेली एफ२एफएस ही फाइल सिस्टीम २०१३ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे.

डिस्कच्या स्वतःच्या कॅशेचा (तात्पुरत्या मेमरीचा) जर्नलशी काय संबंध?

अतिशय जवळचा. जर्नलची सारी भिस्त क्रमावर असते. बदल आधी आणि पूर्ततेची खूण नंतर, हा तो क्रम. डिस्क मात्र आपल्या कॅशेत आलेले लेखन स्वतःच्या सोयीने पुढेमागे करते. म्हणून कर्नल योग्य क्षणी कॅशे रिकामा करण्याची आज्ञा पाठवतो, आणि तिला बॅरिअर म्हणतात. एक्स्ट४ मध्ये बॅरिअर मुळातच चालू असतात. ते बंद करण्याचा सल्ला जुन्या लेखांतून अजूनही फिरतो, पण विजेच्या अपघातातही कॅशे शाबूत ठेवणारा कंट्रोलर असल्याची खात्री नसेल, तर तो सल्ला कधीही मानू नये. एक्सएफएसने तर ही पळवाट कर्नल ४.१९ मध्ये काढूनच टाकली.

मग निवड कशी करावी?

वैयक्तिक संगणक, लॅपटॉप किंवा लहान सर्व्हर असेल आणि वेगळे काही कारण नसेल, तर एक्स्ट४ घ्यावी. तिची दुरुस्तीची साधने दीर्घकाळ कसाला लागलेली आहेत आणि ती लहान करता येते. मोठ्या फाइली, मोठी डिस्क-रचना आणि समांतर लेखन असेल, तर एक्सएफएस उजवी ठरते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सने २०१४ मधील आपल्या सातव्या आवृत्तीपासून तीच मूळ पसंती ठेवली आहे. पण एक्सएफएस वाढवता येते आणि व्यवहारात लहान करता येत नाही, हे पार्टिशन आखतानाच लक्षात घ्यावे. स्नॅपशॉट (फाइल सिस्टीमची एका क्षणाची जपलेली स्थिती) आणि मजकुराची पडताळणी हवी असेल, तर बीटीआरएफएसचा विचार करावा.

केवळ वाचण्यासाठी माउंट केले (सिस्टीमला जोडले) तर डिस्कवर काहीच लिहिले जात नाही ना?

लिहिले जाऊ शकते. जर्नलमध्ये मूळ जागी उतरवायचे राहिलेले व्यवहार असतील, तर वाचनापुरत्या माउंटमध्येही एक्स्ट४ आणि एक्सएफएस आधी ते व्यवहार मूळ जागी उतरवतात. डिस्क जशी आहे तशी पाहायची असेल, तर जर्नल न उतरवण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागतो किंवा उपकरणालाच लेखनबंदी करावी लागते. तपासणीसाठी जप्त केलेल्या किंवा बिघडलेल्या डिस्कवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

अपघातानंतर एक्सएफएस माउंट होत नाही आणि दुरुस्तीचा प्रोग्रॅम जर्नल पुसण्याचा पर्याय सुचवतो. तो वापरावा का?

अगदी शेवटी. बूटच्या वेळी चालणारा एक्सएफएसचा एफएससीके मुद्दाम काहीच करीत नाही, कारण जर्नल उतरवण्याचे काम माउंट करताना कर्नलच करतो. दुरुस्तीसाठी एक्सएफएस-रिपेअर हा वेगळा प्रोग्रॅम आहे. जर्नलमध्ये उतरवायचे राहिलेले व्यवहार दिसले, की तो थांबतो आणि सांगतो, की यात मोलाचे बदल आहेत, आधी माउंट करून ते उतरवून घ्या. त्याच संदेशात पुढे जर्नल पुसणाऱ्या पर्यायाचाही उल्लेख असतो.

मी एकदा तो संदेश घाईत अर्धाच वाचला आणि पुसण्याचा पर्याय दिला. दुरुस्ती काही मिनिटांत पार पडली, डिस्क माउंटही झाली. पण एक आख्खी डिरेक्टरी जागेवर नव्हती. तिच्यातल्या फाइली हरवलेल्या वस्तूंच्या डिरेक्टरीत सापडल्या, आणि प्रत्येकीचे नाव म्हणून केवळ इनोडचा क्रमांक होता. मजकूर उघडून पाहत, एकेका फाइलला तिचे नाव परत देत दोन दिवस गेले. जर्नलमधले शेवटचे व्यवहार त्या डिरेक्टरीचेच होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम कर्नलचा संदेश पूर्ण वाचावा आणि डिस्कमध्येच वाचनाच्या चुका येत आहेत का ते पाहावे. त्या येत असतील तर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्रॅम त्या डिस्कवर चालवू नये. मग डीडी-रेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण पार्टिशनची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. ती प्रत नव्या कर्नलवर माउंट करून पाहावी, कारण जर्नल उतरवण्यातला एखादा दोष नंतरच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला असू शकतो. माउंट होत असेल तर ते नीट अनमाउंट करून मगच दुरुस्ती चालवावी. यातले काहीच साधले नाही, तर जर्नल पुसावे, आणि तेही त्या प्रतीवर. मूळ डिस्क तोवर काढून बाजूला ठेवलेली असावी.